कॅमेऱ्याचें भिंग : एक कीं अनेक ?



कॅमेरा विकत घ्यावयाचें ठरलें, म्हणजे घरांत जो वाद उत्पन्न होतो तो बहुधा कॅमेऱ्यावरून नसतो, भिंगावरून असतो. दुकानदार आपल्यापुढें दोन मार्ग ठेवतो. पहिला मार्ग असा कीं, जवळचें, दूरचें, रुंद, अरुंद असें सर्व कांहीं एकाच नळींत सामावणारें झूम भिंग घ्यावें, तें एकदां कॅमेऱ्याला बसवावें, आणि मग रामटेकचें देऊळ असो कीं अंगणांतली चिमणी असो, भिंग न बदलतां सर्व टिपावें. दुसरा मार्ग असा कीं, निरनिराळ्या कामांसाठीं दोनतीन भिंगें घ्यावीं आणि प्रसंग पाहून तीं बदलावीं. या दुसऱ्या प्रकारच्या भिंगाला धंद्यांतले लोक प्राइम म्हणतात; मी सोयीसाठीं त्याला सुटें भिंग म्हणणार आहें.

ज्या कुटुंबांत पैसा मोजून खर्चावा लागतो, त्याला हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. भिंग एकदां घेतलें कीं तें दहापंधरा वर्षें घरांत राहतें. तेवढ्या अवधींत मुलें मोठीं होतात, वडील माणसें थकतात, आणि जें चित्र त्या भिंगाला काढतां आलें नाहीं, तें पुन्हां काढण्याची सोय नसते. म्हणून या प्रश्नाचा विचार मी शौकीन लोकांच्या दृष्टीनें न करतां साध्या गृहस्थाच्या दृष्टीनें करणार आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. प्रकाशाचें जें काय शास्त्र मला ठाऊक आहे, तें शाळेंत मुलांना भिंग आणि मेणबत्ती घेऊन शिकवितां शिकवितांच पक्कें झालें आहे. तेव्हां मी सांगतों तें समजावयास कोणासही अडचण पडूं नये.

भिंगानें सूर्याचे किरण एकवटून कागद जाळण्याचा खेळ आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं केला असेल. भिंगापासून त्या तेजस्वी ठिपक्यापर्यंतचें अंतर म्हणजे त्या भिंगाचें नाभीय अंतर. कॅमेऱ्याच्या भिंगावर २४, ५०, २०० असे जे आकडे कोरलेले असतात, ते हेंच अंतर मिलिमीटरांत सांगतात. ज्या कॅमेऱ्याची प्रकाश टिपणारी पाटी जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर असते, त्यावर २४ चें भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारें ८४ अंशांचा देखावा घेतें. ५० चें सुमारें ४७ अंशांचा घेतें. आणि २०० चें भिंग अवघा १२ अंशांचा तुकडा उचलून तोच मोठा करून दाखवितें. झूम भिंगाच्या नळीवर २४ ते २०० असें लिहिलेलें आढळलें, तर त्याचा अर्थ इतकाच कीं आंतील कांचांचे गट पुढेंमागें सरकवून तें भिंग या दोन टोकांमधील कोणतेंही रूप घेऊं शकतें. सुट्या भिंगाचा आकडा मात्र जन्मभर एकच.

आज ही सोय आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु छायाचित्रणाच्या इतिहासांत ती फार उशीरां आली. १८९९ सालीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चलच्चित्र घेतलें, किंवा १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणून वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली, तेव्हां झूम ही वस्तु त्यांच्या स्वप्नांतही नव्हती. दृश्य मोठें हवें असेल तर कॅमेरा उचलून पुढें न्यावा, लहान हवें असेल तर मागें आणावा, हाच काय तो उपाय. चलच्चित्रांसाठीं झूम भिंगें १९३२ च्या सुमारास निघालीं. साध्या छायाचित्राच्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठीं पहिलें झूम भिंग निघावयास १९५९ साल उजाडलें. तें फ्रँक बॅक यांच्या रचनेवरून फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीनें काढलेलें ३६ ते ८२ मिलिमीटरचें झूमार होय. १९६३ सालीं निकॉननें ४३ ते ८६ चें भिंग काढलें. तें हौशी लोकांनीं पुष्कळ विकत घेतलें आणि सरळ भिंतीही वांकड्या दाखवितें म्हणून त्याला नांवेंही पुष्कळ ठेविलीं. पुढें १९९२ सालीं टॅमरॉननें २८ ते २०० असा विस्तीर्ण पल्ला एका भिंगांत आणला, तेव्हांपासून 'एकांत सर्व' हा शब्दप्रयोग दुकानांत रूढ झाला. झूमविषयींचे जे तुच्छतेचे उद्गार आजही ऐकूं येतात, त्यांपैकीं पुष्कळ त्या जुन्या भिंगांनीं मिळविलेले आहेत, आजच्या भिंगांनीं नव्हेत.

आतां खऱ्या मुद्द्याकडे वळूं. दुकानांत जाणारा गृहस्थ २४ ते २०० हा मोठा आकडा वाचतो आणि हरखून जातो. त्याच नळीवर त्याच्याच शेजारीं दुसरा एक लहानसा आकडा असतो, बहुधा ४ ते ६.३ असा, त्याकडे कोणी पाहत नाहीं. माझें म्हणणें असें आहे कीं घरांतील चित्रांचें भवितव्य त्या लहान आकड्यावर अवलंबून असतें.

हा आकडा म्हणजे प्रकाश आंत येण्याच्या खिडकीचें माप. नाभीय अंतराला या आकड्यानें भागावें, म्हणजे खिडकीचा व्यास निघतो. ५० मिलिमीटरच्या साध्या सुट्या भिंगाचा हा आकडा १.८ असतो, भागाकार जवळजवळ २८ मिलिमीटर येतो, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठी खिडकी. 'एकांत सर्व' असें भिंग ५० वर आणून ठेविलें असतां तोच आकडा साधारणपणें ५.६ च्या आसपास असतो. भागाकार आला ९, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढी खिडकी. आकडे १.८ आणि ५.६ असे दिसतात, म्हणून कोणी म्हणेल कीं तिप्पट अंतर आहे. तसें नाहीं. प्रकाश व्यासानें येत नाहीं, क्षेत्रफळानें येतो; आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें हें आपण शाळेंत शिकलेले आहां. हिशेब केला तर पहिल्या खिडकींतून दुसरीपेक्षां सुमारें साडेनऊपट प्रकाश येतो. ८५ मिलिमीटरवर १.८ आणि ६.३ यांची तुलना केली, तर हें प्रमाण बारापटींच्याही वर जातें.

याचा व्यवहारांत अर्थ काय ? संध्याकाळीं दिवाणखान्यांत ज्या प्रकाशांत सुटें भिंग सेकंदाच्या शंभराव्या भागांत चित्र पुरें करतें, त्याच प्रकाशांत झूमला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे फार थोडा वेळ असें आपणांस वाटेल. परंतु तेवढ्यांत लहान मूल मान वळवितें, आजीचे ओंठ बोलतांना हलतात, ओंवाळणाऱ्या हाताचें तबक वीतभर पुढें सरकतें. चित्र पुसट येतें, आणि आपण म्हणतों, हात हालला. हात हालत नाहीं. हालतें तें माणूस. आजकालच्या भिंगांत हाताचा कंप नाहींसा करणारी योजना असते आणि ती खरोखर उत्तम काम देते, पण ती फक्त कॅमेरा धरणाराच्या हाताला आवरते. समोरच्या नातवाला आवरणारी योजना अद्यापि निघावयाची आहे.

यावर कोणी म्हणेल कीं कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी. वाढवावी, नाहीं कोण म्हणतो ? ती वाढविली कीं चित्रांत रवाळपणा येतो, आणि तो पुसून टाकणारे कार्यक्रम आजच्या संगणकांत आहेत. गेल्या कांहीं वर्षांत त्यांत इतकी सुधारणा झाली आहे कीं दहा वर्षांपूर्वींचा माझा निर्णय मी याहून पुष्कळ कठोर शब्दांत सांगितला असता. तथापि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील बारीक सुरकुत्या आणि रवाळपणा यांतला भेद संगणकाला नेहमींच कळतो असें नाहीं. दोन्ही एकदमच पुसलीं जातात, आणि ऐशीं वर्षांच्या बाईचें कातडें मेणासारखें गुळगुळीत होऊन समोर येतें. असें चित्र भिंतीवर टांगण्यापेक्षां रवाळ चित्र टांगलेलें मला अधिक आवडेल.

आमच्या धरमपेठेंत शेजारीं एक गृहस्थ आहेत. बँकेंतून निवृत्त झाले तेव्हां त्यांनीं कॅमेरा आणि २४ ते २०० चें झूम घेतलें. ताडोब्याला जाऊन आले, रामटेकला जाऊन आले, आणि चित्रें पाहून सर्व घर खूष झालें. त्यांच्या मातोश्री तेव्हां ८६ वर्षांच्या होत्या. पुष्कळ घरांत असतें तसेंच त्यांच्याकडेही होतें : लग्नाच्या वेळीं स्टुडिओंत काढलेला एक फोटो, आणि त्यानंतर समारंभाच्या घोळक्यांत कोठें तरी अर्धा चेहरा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना फ्लॅशचा प्रकाश सहन होत नसे. तो चमकला कीं त्या डोळे मिटून घेत. म्हणून फ्लॅशवांचून काढलेलें प्रत्येक चित्र पुसट येई. गृहस्थ एके दिवशीं माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, एवढे पैसे घालून आईचा एक फोटो नीट येत नाहीं. भिंगांत कांहीं दोष तर नसेल ?" मीं त्यांना सांगितलें कीं भिंगांत दोष नाहीं, त्याच्याकडून जें काम तुम्ही मागतां, त्या कामासाठीं तें केलेलेंच नाहीं. त्यांच्या पुतण्याजवळ त्याच कॅमेऱ्याला बसेल असें ५० चें १.८ भिंग होतें. तें मागून आणविलें. पांच वाजतां मातोश्री पश्चिमेच्या खिडकीशीं पोथी घेऊन बसत; खिडकीला पांढरा पडदा होता. त्यांना कांहीं सांगितलें नाहीं, जागचें हालविलें नाहीं. पान उलटण्यासाठीं त्यांनीं बोट ओलें केलें, तेवढ्यांत शटर दाबलें गेलें. बोट स्पष्ट, पानाची जीर्ण कडा स्पष्ट, चष्म्यामागचे डोळे स्पष्ट, आणि मागचें कपाट व त्यावरचीं औषधें एका मऊ धुक्यांत विरून गेलेलीं. चित्र दाखविलें तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "मी इतकी म्हातारी झालें होय रे ?" पण तें चित्र पाटाएवढें मोठें करून घ्यावयास सांगणाऱ्याही त्याच.

हें ऐकून कोणी असा ग्रह करून घेऊं नये कीं मी सुट्या भिंगांचा भाट आहें. घराबाहेर पडलें कीं बाजू पालटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या नागपुरांत काळी आणि पिवळी अशा मारबतींच्या मिरवणुकी निघतात, एकोणिसाव्या शतकापासून निघत आहेत. ज्यानें इतवारी-महालाच्या बोळांतून ती गर्दी पाहिली आहे, त्याला मी भिंग बदलण्याची गोष्ट सांगितली तर तो मला वेड्यांत काढील. एका क्षणीं पिवळ्या मारबतीचा प्रचंड पुतळा डोक्यावर येतो, तेथें २४ ही अपुरे पडतात. दुसऱ्या क्षणीं पलीकडच्या गच्चीवरून वांकून पाहणारी मुलगी दिसते, तिच्यासाठीं २०० हवेत. मधें बडग्यांच्या मागून लोंढा येतो आणि आपणांस दहा पावलें ढकलून नेतो. भाद्रपदांतली पावसाची सर केव्हां येईल याचा नेम नाहीं. अशा ठिकाणीं दोन्ही हात मोकळे करून, एक भिंग काढून, दुसरें पिशवींतून शोधून बसविणें म्हणजे दोन्ही भिंगें गमावण्याची तयारी ठेवणेंच होय.

ताडोब्याची गोष्ट निराळ्या कारणानें तशीच. चंद्रपूर जिल्ह्यांतील हें अरण्य १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि नागपूरकरांना तर तें अंगणासारखेंच वाटतें. सुट्या भिंगांचे अभिमानी नेहमीं म्हणतात कीं झूम कशाला हवें, पायांनीं पुढेंमागें व्हावें. ताडोब्यांत हा उपदेश करून पाहावा ! तेथें जिप्सींतून खालीं उतरण्याची मनाई आहे आणि गाडीला रस्ता सोडण्याची मनाई आहे. वाघ दोनशें पावलांवर दिसावा कीं रस्त्यावर येऊन गाडीपुढेंच बसावा, हें सर्वस्वी वाघाच्या मर्जीवर. शिवाय पुढच्या गाडीनें उडविलेली तांबडी धूळ सर्व अंगावर बसलेली असते. त्या धुळींत कॅमेऱ्याचें तोंड उघडणें म्हणजे आंतल्या पाटीवर धूळ पसरणें. तेथें झूमवांचून गति नाहीं. एवढें मात्र खरें कीं पक्ष्यांसाठीं २०० चा पल्ला तोकडा पडतो, आणि भल्या पहाटे दरवाजा उघडल्याबरोबर जो प्रकाश असतो तो ६.३ च्या खिडकीला पुरा पडत नाहीं. ऊन चढल्यावर ती तक्रार राहत नाहीं.

आणि लग्न ? लग्नांत अंतरपाट एकदांच दूर होतो. पिशवींत तीन उंची भिंगें असलेला काका त्या क्षणीं चौथी मंगलाष्टक चालली आहे कीं पांचवी, हें मोजीत भिंग फिरवीत असतो, असें मीं एकाहून अधिक लग्नांत पाहिलें आहे. धंदेवाईक छायाचित्रकार यावर एक तिसरा उपाय करतात. ते २४ ते ७० आणि ७० ते २०० अशीं दोन झूम भिंगें, आणि तींही सबंध पल्ल्यांत २.८ ची मोठी खिडकी असणारीं, दोन स्वतंत्र कॅमेऱ्यांवर चढवून खांद्यांवर अडकवितात. उपाय उत्तम आहे. परंतु त्याची किंमत आणि त्याचें वजन हीं ज्याला त्यावर पोट भरावयाचें आहे त्यानेंच सोसावीं. गृहस्थानें त्या वाटेला जाऊं नये.

येथें एका गैरसमजाविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे, कारण तो शिकलेल्या लोकांतही आढळतो. झूम फिरविणें आणि चालत पुढें जाणें यांचा परिणाम एकच, असें पुष्कळ लोक समजतात. तें खरें नाहीं. समजा, रामटेकच्या देवळापुढें आपण आपल्या वडिलांना उभे केलें आहे. झूम २४ वर ठेवून, चेहरा चौकटींत भरावा म्हणून आपण त्यांच्यापासून हातभर अंतरावर गेलों. आतां त्यांचें नाक डोळ्यापासून जितकें दूर आहे, त्याहून त्यांचे कान वीतभर मागें आहेत. हातभर अंतरांत वीतभराचा फरक मोठा असतो. म्हणून नाक फुगलेलें, कान आंत गेलेले, आणि देऊळ कोठें तरी दूर खेळण्याएवढें, असें चित्र येतें. तेंच आपण सातआठ पावलें मागें जाऊन ८५ किंवा १०० वर चित्र काढलें, तर तोच वीतभराचा फरक नगण्य होतो, चेहरा आपणांस रोज दिसतो तसा दिसतो, आणि देऊळ पाठीशीं येऊन उभें राहतें. हा सर्व प्रताप आपण उभे कोठें राहिलों याचा. भिंग फक्त चौकट लहानमोठी करतें. म्हणून झूम असलें तरी पाय वापरावेच लागतात, आणि सुटें भिंग असलें तरी निव्वळ पाय वापरून सर्व साधत नाहीं. सुट्या भिंगाचा या बाबतींत एक गुण आहे : तें माणसाला आळशी होऊं देत नाहीं. शाळेंतल्या मुलांना छायाचित्रण शिकवावयाचें झालें, तर पहिले सहा महिने मी त्यांच्या हातीं ५० चें एकच भिंग देईन. झूम फिरवून एकाच जागीं उभ्या राहिलेल्या मुलाला कोठें उभें राहावें हा प्रश्नच पडत नाहीं.

'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण या वादांत दोन्ही पक्ष एकमेकांच्या अंगावर फेंकतात, ही मौजेची गोष्ट आहे. सुट्या भिंगवाल्यांच्या मतें झूम हें एकही काम धड करीत नाहीं. झूमवाले म्हणतात, चिंध्यांचा भारा तर तुमच्याच पिशवींत आहे. वजनाच्या बाबतींत मीं एकदां हिशेब करून पाहिला. कॅनन कंपनीचें नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यासाठीं असलेलें २४ ते २४० चें झूम ७५० ग्रॅम भरतें. त्याच कंपनीचीं २८, ५० आणि ८५ मिलिमीटरचीं साधीं सुटीं भिंगें अनुक्रमें १२०, १६० आणि ५०० ग्रॅमचीं आहेत, एकूण ७८०. म्हणजे वजनाचा वाद जवळजवळ बरोबरींत सुटतो. फरक इतकाच कीं झूम सगळें वजन सदैव गळ्यांत बाळगतें, आणि सुट्यांपैकीं दोन घरीं ठेवतां येतात.

चित्राच्या सुबकपणाविषयीं दुकानांत आणि छापील परीक्षणांत जें बोललें जातें, त्यांतलें अर्धें सोडून द्यावें असें माझें स्पष्ट मत आहे. उघड्या उन्हांत, खिडकी ८ च्या आकड्यावर आणून काढलेल्या चित्राची वहीच्या पानाएवढी प्रत काढली, तर ती कोणत्या भिंगाची हें ओळखणारा माणूस मला अजून भेटला नाहीं. कडेच्या सरळ रेषा वांकतात हा जो जुना आक्षेप, तोही आतां कॅमेरा स्वतःच गणित करून दुरुस्त करतो. आमच्या आयांच्या विळीला टोंकाशीं खवणी असे. तीवर भाजीही चिरली जाई आणि नारळही खवला जाई, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. मात्र पुरण वाटावयाचें झालें कीं पुरणयंत्रच फळीवरून काढावें लागे. झूमची योग्यता मी विळीएवढी समजतों, आणि ती लहान नव्हे.

जातां जातां आपल्या खिशांतल्या मोबाइलच्या पाठीवर एकदां नजर टाका. तेथें दोन किंवा तीन गोल डोळे दिसतील. त्या कारखानदारांना जागेची किती टंचाई ! तरीही बहुतेकांनीं एक झूम न बसवितां निरनिराळ्या नाभीय अंतरांचीं सुटीं भिंगेंच शेजारीं शेजारीं बसविलीं, आणि बोटानें चित्र मोठें केलें असतां यंत्र मुकाट्यानें एकावरून दुसऱ्यावर उडी घेतें. भिंग बदलण्याचे श्रमच नाहींसे झाल्यावर कारखानदारांनीं काय पसंत केलें, तें यावरून दिसतें. कॅमेऱ्यांत ते श्रम अद्यापि आपल्यालाच करावे लागतात, म्हणून हा वाद.

तेव्हां प्रत्यक्ष खरेदी कशी करावी ? ज्याच्या घरीं लहान मूल किंवा वृद्ध माणूस आहे, आणि पैसे एकाच भिंगापुरते आहेत, त्यानें सुटें तेजस्वी भिंग आधीं घ्यावें आणि प्रवासाचें झूम मागाहून. दुकानदार बहुधा याच्या उलट सांगेल. सुदैवानें ५० मिलिमीटरचें १.८ हें भिंग बहुतेक कंपन्यांच्या यादींत अगदीं स्वस्त भिंगांपैकीं असतें. मागाहून झूम घेतलें तरी तें वायां जात नाहीं. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुष्कळ कॅमेऱ्यांची पाटी लहान असते. तिच्यावर ५० चें भिंग ७५-८० सारखें वागतें आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोलींत पाठ भिंतीला टेंकली तरी दोन माणसें चौकटींत मावत नाहींत. तसल्या कॅमेऱ्याला ३५ चें भिंग घ्यावें. ज्यांचीं मुलें परगांवीं आहेत, घर रिकामें आहे, आणि वर्षांतून दोन यात्रा ठरलेल्या आहेत, त्यांनीं खुशाल झूम घ्यावें आणि दुसऱ्या भिंगाचा विचारही करूं नये. तीन सुटीं भिंगें एकदम घेण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाहीं. तिसरें भिंग बहुधा कपाटांतच राहतें आणि पावसाळ्यांत त्याला बुरशी येते.

बुरशीविषयीं दोन शब्द. नागपूरचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाचे तीन महिने भिंगाला घातक असतात, आणि कातड्याच्या पिशवींत तर ओल मुरून राहते. झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह भिंगें ठेवावीं, आणि पंधरा दिवसांतून एकदां तरी काढून वापरावीं. मे महिन्यांत बंद मोटारींत कॅमेरा ठेवूं नये, हें नागपूरकरांना सांगावयास नको.

ज्यांच्याजवळ झूम आधींच आहे आणि दुसरें भिंग घ्यावें कीं नाहीं असा ज्यांना संशय आहे, त्यांच्यासाठीं एक सोपा उपाय आहे. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तें किती मिलिमीटरवर काढलें, खिडकी किती होती, शटर किती वेळ उघडें होतें, हें सर्व लिहून ठेवतो. संगणकावर मागील वर्षाचीं चित्रें उघडून तीं नोंद वाचावी आणि एका कागदावर रेघा ओढीत मोजावें. माझ्या त्या शेजाऱ्यांनीं असें मोजलें तेव्हां बहुतेक चित्रें २४ किंवा २०० या दोन टोकांवर निघालीं. मधला सर्व पल्ला जवळजवळ कोरा होता. घरांतलीं, पुसट म्हणून काढून टाकलेलीं चित्रें मात्र सगळीं मधल्या पल्ल्यांतलीं होतीं. आपल्या यादींत तसें आढळलें, तर कोणतें भिंग उणें आहे तें कोणाला विचारण्याचें कारण उरत नाहीं. आणि एखाद्या लग्नापुरतें किंवा ताडोब्याच्या एका फेरीपुरतें मोठें भिंग हवें असेल, तर मोठ्या शहरांत तीं दिवसाच्या हिशेबानें भाड्यानें मिळतात. अनामत रक्कम व ओळखपत्र लागतें, आणि घेतांना दुकानांतच भिंग उजेडाकडे धरून आंत बुरशीचे धागे किंवा ओरखडे नाहींत ना, हें दुकानदारासमक्ष पाहून घ्यावें.